पायाच्या फोडासाठी मेडिकलमधून काय घ्यावं, काय तिथंच ठेवावं

तालुक्याच्या मेडिकलवर ‘पायाला फोड आलाय, काहीतरी द्या’ म्हटलं की काउंटरवर ठरलेल्या वस्तू येतात. तपकिरी औषधी पट्ट्या, जखमेच्या मलमाची ट्यूब, आणि घेतलाच तर पावडरचा डबा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पट्टी मोज्यात गोळा होऊन पडलेली असते आणि फोडाची सालही तिच्यासोबत निघून आलेली असते. फोड येऊच नये म्हणून जी वस्तू सगळ्यांत जास्त उपयोगी पडते, ती त्याच काचेच्या कपाटात सलाइनच्या सेटशेजारी पडलेली असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती म्हणजे कागदी टेप. दवाखान्यात सलाइनची सुई हातावर जागच्या जागी ठेवायला लावतात, तीच.

हा आढावा लिहिताना डोळ्यांसमोर आहेत ते डवऱ्यामागे (पिकाच्या ओळींतलं तण काढणाऱ्या औतामागे) चालणारे, शेगावला पायी जाणारे आणि भरतीची तयारी करणारे पाय. तीन फुटी ओळीचं एक एकर एका डवऱ्यानं डवरायचं तर जवळपास साडेचार किलोमीटर चाल होते, तीही ओल्या काळ्या मातीत. शेगावहून पालखीसोबत पंढरपूरला निघालं तर एका बाजूचंच अंतर सातशे किलोमीटरच्या वर जातं. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, वनरक्षकासाठी मुलांना चार तासांत २५ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. यातल्या कुणालाच ‘आठ दिवस आराम करा’ हा सल्ला परवडत नाही. त्यामुळे इथं प्रत्येक वस्तू एकाच कसोटीवर पाहिली आहे: ती लावून माणूस उद्या चालू शकतो का.

आधी फोड येतो कसा ते पाहू, कारण त्यावरच कोणती वस्तू कामाची हे ठरतं. डाव्या हाताच्या पंजावर उजव्या हाताचं बोट टेका आणि ते घसरू न देता मागंपुढं हलवा. कातडी बोटासोबत जाते, आतलं हाड जागीच राहतं. मधल्या थरांवर ताण येतो. बुटात हेच होतं, फक्त उलट: मोजा आणि बूट कातडीला धरून ठेवतात, हाड आत सरकत राहतं, आणि हजारो पावलांनंतर वरच्या कातडीच्या थरांमध्ये चीर पडते. तिथं पाणी भरतं, तोच फोड. दमट कातडी मोज्याला जास्त धरून बसते, म्हणून घामेजलेल्या पायाला फोड लवकर येतो. ‘माझा बूट तर कुठं घासतच नाही’ म्हणणाऱ्यालाही फोड येतो, तो याच कारणानं.

आता कागदी टेप. थ्री-एम कंपनीची मायक्रोपोर सगळ्यांना माहीत आहे. दुकानदार तिलाच ‘मायक्रोपोर’ म्हणतो आणि दुसऱ्या कंपनीची देतानाही तेच नाव घेतो. एक इंच म्हणजे २.५ सेंटीमीटर रुंदीची घ्या. अर्ध्या इंचाची बोटांना बरी पडते, पण टाचेला पुरत नाही. मूळ रोल सुमारे ९.१ मीटरचा असतो. दोन्ही पायांची टाच, अंगठा आणि करंगळी झाकायला रोज ६०-६५ सेंटीमीटर लागते, म्हणजे एक रोल दोन आठवडे जातो. स्वस्तातल्या काही टेपांचा गोंद इतका कमजोर असतो की अर्ध्या तासात कडा उचलतात. घेण्याआधी दोन इंचांचा तुकडा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून, मनगट चार-पाच वेळा वाकवून पाहा. कड उचलली नाही तर रोल घ्या.

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २५० किलोमीटरच्या, टप्प्याटप्प्यानं धावायच्या शर्यतीत १२८ धावपटूंवर ही टेप तपासली. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. टेप लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. मेडिकलमध्ये इतक्या कमी पैशात मिळणाऱ्या वस्तूसाठी हा निकाल फारच मोठा आहे. आधी फोड न येणाऱ्या जागी ती लावून काही मिळत नाही. ज्याला जिथं नेहमी फोड येतो, तिथंच लावायची.

लावायची पद्धत चुकली तर हीच टेप फोड आणते, म्हणून इथं घाई नको. पाय साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटांच्या बेचक्याही. तेल, व्हॅसलीन, क्रीम काही नको. टाचेसाठी दहा-बारा सेंटीमीटरचा तुकडा कात्रीनं कापा, हातानं फाडू नका, आणि चारही कोपरे गोल करा. टोकदार कोपरा मोज्यात अडकून उचलतो आणि तिथून टेप गुंडाळायला लागते. पाऊल घोट्यातून वर ओढून धरा, म्हणजे टाचेची कातडी ताणलेली राहते. टेपचा मधला भाग आधी टेका, मग दोन्ही टोकं दोन्ही बाजूंना बसवा. टेप ताणायची नाही. एकच थर. सुरकुती पडली तर तुकडा फेका आणि नवा लावा, कारण काडीएवढी सुरकुतीही पाच किलोमीटरनंतर सुईसारखी टोचते. अंगठ्याला आधी उभा तुकडा, वरून नखावरून खाली घेतलेला, आणि मग त्यावर एक आडवी फेरी; फेरी घट्ट नको, नाहीतर बोट सुजल्यावर काचते. शेवटी तळहातानं पंधरा सेकंद दाबून धरा. हा गोंद दाबानं आणि उबेनं धरतो, नुसतं चिकटवून सोडलं तर धरत नाही. मोजा ओढून चढवू नका, गुंडाळून बोटांपाशी आणा आणि उलगडत वर न्या.

ही टेप पाण्यात टिकत नाही. पाऊस पडल्यावर वावरात गमबुटात पाणी शिरलं की तासाभरात सुटते. घाम जास्त असेल त्यांनी टेपच्या आधी टिंचर बेंझॉइन लावावं. हेही मेडिकलवर मिळतं, वाफारा घेण्यासाठी लोक नेतात. कापसाच्या बोळ्यानं पातळ थर द्या, मिनिटभर थांबा, बोट लावल्यावर चिकट लागलं की टेप बसवा. धडधाकट कातडीवरच लावा. सोललेल्या जागेवर लागलं तर डोळ्यांतून पाणी काढतं. काहींना त्यानं खाज सुटते, म्हणून आदल्या दिवशी एवढ्याशा जागी लावून पाहणं चांगलं.

पांढरी कापडी चिकटपट्टी, म्हणजे झिंक ऑक्साइडच्या गोंदाची, गावात जास्त चालते. तिची पकड कागदी टेपच्या कितीतरी पुढं आहे. चिखलात, घामात ती दिवसभर सुटत नाही. डवरणीसाठी आम्ही हिलाच मत देऊ, पण एका अटीवर: खाली कागदी टेपचा थर हवा. नुसती कापडी पट्टी फोडावर लावली की संध्याकाळी काढताना फोडाचं अख्खं छप्पर सोबत येतं, आणि मग चार दिवसांचं दुखणं दहा दिवसांवर जातं. काढताना कडेला खोबरेल तेल सोडा, पाच मिनिटं थांबा, आणि पट्टी वर न उचलता कातडीला समांतर मागं सोलत न्या.

तपकिरी औषधी पट्ट्या बोट कापलं तर ठीक. पायाला नाही. मधली गादी जाड, बाजूचा चिकट भाग चिंचोळा, आणि टाचेसारख्या वाकड्या जागेवर ती बसतच नाही. सरकली की तिचीच कड नवीन जागी घासते.

कपाटात पट्ट्यांशेजारीच आणखी एक पाकीट असतं, आणि त्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. कुरुपाच्या गोल पट्ट्या, ज्यांना कॉर्न कॅप म्हणतात. मध्ये भोक असलेली मऊ चकती पाहून फोडाला हीच हवी असं वाटतं, आणि काउंटरवरचा पोरगाही कधी कधी तीच देतो. त्या भोकात सॅलिसिलिक आम्ल असतं, बहुतेक ४० टक्के. ते कुरुपाची टणक कातडी जाळून काढण्यासाठी असतं. फोडावर ठेवलं तर कोवळी कातडी जळते आणि खोल जखम होते. साखरेच्या रुग्णानं तर ते पायाला लावूच नये. गोल चकती हवीच असेल तर जुन्या बुटाच्या आतल्या फोमच्या गादीतून बनवा: तीन ते पाच मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्या, फोडापेक्षा थोडं मोठं भोक पाडा, सगळीकडून एक-दीड सेंटीमीटर कड ठेवा, बाहेरची कड कात्रीनं तिरपी कापा आणि कागदी टेपनं जागेवर बसवा. दाब चकतीवर येतो, फोड मोकळा राहतो. चवड्याखालच्या फोडाला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

हायड्रोकोलॉइडच्या पट्ट्या तालुक्याला क्वचितच मिळतात. नागपूर, अमरावती, अकोल्याहून मागवाव्या लागतात किंवा ऑनलाइन. कागदी टेपच्या तुलनेत फार महाग, पण साल निघून लाल कातडी उघडी पडलेली असेल तर पैसे वसूल होतात. या पट्टीच्या आतल्या थरात जखमेतलं पाणी शोषून त्याचा मऊ गर बनतो, जखम ओलसर राहते, दुखणं मिनिटांत कमी होतं आणि नवी कातडी लवकर येते. १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा मिळाला तर त्याचे चार करा, कोपरे गोल कापा, मिनिटभर तळहातांत धरून गरम करा, मग लावा. जखमेच्या सगळ्या बाजूंनी दोन सेंटीमीटर कोरडी कातडी झाकली गेली पाहिजे. दोन-तीन दिवस काढायची नाही. आत पांढरट फुगवटा दिसतो, तो पू नाही, तो गर आहे. आमच्या उन्हात, पारा ४५च्या पुढं गेला की, हिच्या कडा वितळल्यासारख्या होऊन मोज्याला चिकटतात. कडेवरून कागदी टेपची चौकट मारली की हा त्रास जातो. साल शाबूत असलेल्या फोडावर ही लावू नका, काढताना साल येते. पू झालेल्या जखमेवर तर मुळीच नको.

फोड फोडावा की नाही, यावर घराघरांत वाद आहे. उत्तर आकारावर आणि जागेवर आहे. अर्ध्या सेंटीमीटरहून लहान, फारसा न दुखणारा फोड तसाच राहू द्या. पाणी आपोआप जिरतं. टरारलेला, पाऊल टेकवू न देणारा फोड मात्र रिकामा केलेला बरा, कारण चालताना तो मातीतच फुटणार आणि साल फाटणार. त्यासाठी मेडिकलवरून दोन निर्जंतुक सुया घ्या, इंजेक्शनच्या, सीलबंद, २४ किंवा २६ नंबरच्या. पोव्हिडोन आयोडिनचं द्रावण आणि मलम, निर्जंतुक गॉझची दोन पाकिटं. गोधडीची सुई पेटवून घेण्याची पद्धत सोडा. काजळी जखमेत जाते आणि एवढ्या स्वस्त सुईसाठी तो धोका घ्यायची गरज नाही.

हात आणि पाय साबणानं धुवा. फोडावर आणि भोवती आयोडिन लावून ते वाळू द्या. सुई फोडाच्या कडेला, कातडीला समांतर धरून, खालच्या बाजूनं टोचा, जिथं पाऊल टेकल्यावर पाणी आपोआप बाहेर ढकललं जाईल. दोन-तीन भोकं पाडा. एकच पाडलं तर तासाभरात बुजतं आणि फोड परत भरतो. गॉझनं हळूच दाबून पाणी काढा. साल तिथंच राहू द्या. ती कापू नका, ओढू नका. खालच्या कोवळ्या कातडीला तिच्यासारखं झाकण कोणतीच कंपनी देत नाही. मलमाचा पातळ थर, वर गॉझ, वर टेप. पहिल्या २४ तासांत परत भरला तर पुन्हा त्याच पद्धतीनं काढा. पट्टी रोज बदला, भिजली तर लगेच. रक्ताचा, काळपट फोड टोचू नका. आणि तापलेल्या डांबरावर अनवाणी चालून आलेला फोड हा भाजल्याचा फोड आहे. त्याला वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, बर्फ नाही, आणि फोडायचा नाही.

सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढायचा आणि दोन्ही बाजूंना लोंबता ठेवायचा, ही रीत पायी वारीत अजून दिसते. पाणी झिरपतं हे खरं. पण तोच दोरा बाहेरची माती, शेण, घाम आत पोचवतो. दोरा ठेवू नका.

बिब्ब्याबद्दल तर हात जोडून सांगणं आहे. टाचेच्या भेगेला, काटा रुतल्यावर बिब्बा तापवून लावायची सवय आपल्याकडे जुनी आहे. बिब्ब्याचं तेल स्वतःच कातडीवर फोड उठवतं. फुटलेल्या फोडावर लावलं तर पाय घोट्यापर्यंत सुजू शकतो. रॉकेल, टूथपेस्ट, चुना यांचीही तीच गत.

व्हॅसलीन पहिला तासभर छान काम करतं. भरतीच्या १६०० मीटरला तेवढं पुरेसं आहे, जांघेत तर उत्तमच. दिवसभराच्या चालीला मात्र ते चालत नाही: तेलकटपणा मोज्यात जिरला की कातडी मऊ आणि चिकट राहते, आणि रस्त्याची बारीक धूळ तिच्यावर बसून कानशीसारखी घासते. लावायचंच असेल तर दर तासाला पुसून नव्यानं लावा. टेप आणि व्हॅसलीन एकत्र नको, टेप धरणार नाही. टाल्कम पावडर पाय धुऊन झाल्यावर रात्री ठीक, बुटात घामासोबत तिचे खडे होतात. बुरशीवरची पावडर चिखल्यांसाठी आहे. बोटांच्या बेचक्यात पांढरी, खाजरी, वास येणारी कातडी म्हणजे चिखल्या. तिथं ती पावडर लावा. फोडाचा आणि तिचा संबंध नाही. पण चिखल्या असलेली कातडी लवकर सोलते, म्हणून त्या आधी बऱ्या करा.

मोज्यांवर खर्च करायला लोक तयार नसतात. आठवडी बाजारातले जाड सुती मोजे घाम पितात आणि ओलेच राहतात. पायाशी पातळ नायलॉनचा मोजा आणि वर साधा जाड मोजा, असे दोन घातले की मोज्यावर मोजा सरकतो आणि कातडीवरचा ताण कमी होतो. आतल्या मोज्याची बोटावरची शिवण जाड असेल तर उलटा करून घाला. दुपारी जेवायला बसलात की मोजे बदला, ओले मोजे पिशवीच्या बाहेर बांधून वाळवा. बूट संध्याकाळी, हेच दोन मोजे घालून घ्या, कारण दिवसभर चालून पाय फुगलेला असतो. उभं राहिल्यावर सगळ्यांत लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच वर-खाली सरकत असेल तर शेवटच्या दोन भोकांतून नाडीचा फास काढून त्यातून समोरची नाडी ओवा आणि मग बांधा; टाच जागेवर बसते. बूट बदलण्याआधी हे करून पाहा, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.

गमबुटाची गोष्ट वेगळी. त्यात हवा नाही, नाडी नाही. पोटरीवर त्याची कड घासते आणि टाच आत खेळते. आत फोमची गादी टाका, पोटरीपर्यंतचे मोजे घाला, तासा-दोन तासांनी धुऱ्यावर बसून काढा, पाणी सांडा, पाय पुसा. फुटलेला फोड घेऊन फवारणीला मात्र जाऊ नये. साल गेलेल्या कातडीतून औषध अंगात सहज जातं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते विसरून चालणार नाही. जखम भरेपर्यंत ते काम दुसऱ्याकडे द्या.

साखर असलेल्यांनी वरचं सुईचं काम घरी करू नये. त्यांच्या पायाला पुष्कळदा दुखणं कळत नाही आणि लहान फोडाचीही मोठी जखम होते. रोज संध्याकाळी तळवा आरशात पाहा, फोड दिसला की प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बाकीच्यांनीही पू, पसरत जाणारी लाली, वर चढणारी लाल रेघ, ताप किंवा वाढतं ठणकणं यांपैकी काही दिसलं की थांबू नये. शेणामातीत फोड फुटला असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील तर ते घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

भरतीच्या मुलामुलींनी फोड रिकामा केल्यावर दोन दिवस धावणी बंद ठेवावी, गोळाफेक आणि दंडबैठका चालू ठेवाव्यात, टाचेचा फोड असेल तर सायकल चालते. तिसऱ्या दिवशी दाबून दुखत नसेल तर टेप लावून मातीच्या मैदानावर हळू सुरुवात करा, डांबरावर नको. लंगडत धावू नका. लंगडण्यानं दुसऱ्या पायाचा टोंगळा (गुडघा) धरतो आणि मग फोड बरा होऊनही धावणी बंदच राहते. आणि रोल मे महिन्यात मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नका. गोंद पाझरून कडा चिकट होतात, टेप उलगडताना फाटते. झाकणाच्या डबीत, सावलीत, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा.